सुमतीबाईंचा फ्रेंच माणूस

सुमतीबाई पांढरीपांड्यांना माणसं कळतात, याबद्दल आमच्या त्रिमूर्तीनगरच्या कॉलनीत दुमत नाही. कोणाच्या मुलीसाठी स्थळ बघायचं असलं की तारीख ठरवण्याआधी सुमतीबाईंना विचारतात, रविवारी मोकळ्या आहात का. त्या जातात, कोपऱ्यातली खुर्ची घेतात, चहात साखर नको म्हणतात आणि बघत बसतात. मुलगा काय बोलतो याकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं. तो कुठे थांबतो, बोलताना हात कुठे ठेवतो, आई बोलत असताना त्याचा चेहरा काय करतो, हे त्या बघतात. निर्णय तिथल्या तिथे देत नाहीत. पुढच्या रविवारी देतात. मधला आठवडा मुलगा त्यांच्या मनात मुरतो.

या अधिकारामागे एक फ्रेंच माणूस आहे. सुमतीबाई एका मुलींच्या कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या. मुली मार्क चांगले मिळतात म्हणून फ्रेंच घ्यायच्या आणि परीक्षेनंतर विसरायच्या, त्याला बाईंचा इलाज नव्हता. पण बाईंनी स्वतः अठराव्या शतकातल्या एका लेखकावर पीएचडी केली होती. त्याचं नाव कॉलनीत कोणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून सगळे त्याला ‘सुमतीबाईंचा फ्रेंच माणूस’ म्हणू लागले. सत्यनारायणाच्या प्रसादाला बसलेल्या बायकासुद्धा अधूनमधून त्याची चौकशी करायच्या.

या फ्रेंच माणसाच्या नाटकांत काहीही घडत नाही. कोणी मरत नाही, तलवार काढत नाही. दिवाणखान्यात दोन माणसं बसलेली असतात. ती एकमेकांच्या प्रेमात पडलेली असतात आणि ते त्या दोघांना सोडून घरातल्या सगळ्यांना कळलेलं असतं. पडदा पडेपर्यंत त्या दोघांनाही कळतं, एवढंच. कादंबऱ्यांत तर त्याहून कमी घडतं. एका बाईनं दुसरीकडे कसं पाहिलं, त्यात किती दया होती, दयेच्या खाली किती मत्सर होता आणि मत्सराच्याही खाली काय होतं, हे सांगण्यात पानंच्या पानं जातात. आणि शेवटी कादंबरी अर्धवटच राहते. का राहते, याचं उत्तर सुमतीबाई देत, की माणसाचं मन संपत नाही. त्यांचे यजमान शरच्चंद्र एकदा म्हणाले होते, “कंटाळला असेल.” त्यावर बाईंनी त्यांच्याकडे जे पाहिलं त्याला खाली-वर थर नव्हते.

शरच्चंद्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी बघायला आले तेव्हा ते एक अक्षर बोलले नव्हते. सोफ्याच्या कडेवर ताठ बसून राहिले, कोणी काही विचारलं तर फक्त मान हलवली. सुमतीबाई तेव्हा नुकत्याच फ्रेंच माणसाच्या नादी लागल्या होत्या. बाकीची मुलं पगार सांगत होती, हा मुलगा गप्प होता. त्यांनी वडिलांना सांगितलं, हाच. याच्यात काहीतरी खोल आहे. लग्नानंतर काही वर्षं त्यांनी चिकाटीनं खणून पाहिलं. पाणी लागलं नाही. शरच्चंद्र सज्जन होते, भाजी चांगली आणायचे, आणि ‘काय विचार करताय?’ असं विचारलं की प्रामाणिकपणे ‘काही नाही’ म्हणायचे. खरोखरच काही नसायचं. मात्र यावरून आपल्या पद्धतीत काही चूक असेल असं बाईंना कधी वाटलं नाही. शरच्चंद्र हा अपवाद होता. पद्धत बरोबर होती.

पद्धत अशी, की बडबड्या माणूस वरवरचा आणि थांबून बोलणारा खोल. शेजारच्या गोपिकाला सांगून आलेला एक मुलगा स्वतःच्याच विनोदावर मोठ्यांदा हसला म्हणून बाईंनी नापास केला होता. त्याच्याऐवजी गोपिकाला जो नवरा मिळाला तो बाईंच्या पसंतीचा. तो इतका खोल निघाला की दिवाळीला माहेरी आलेली गोपिका आईच्या ओट्याशी उभी राहून नुसती बोलत सुटते. तिला तेवढ्यात वर्षभराचं बोलून घ्यायचं असतं. कॉलनीनं यातून काही निष्कर्ष काढला नाही.

तर अशा सुमतीबाईंवर या फेब्रुवारीत स्वतःच्या भाचीचं स्थळ बघायची वेळ आली.

चिन्मयी ही त्यांच्या धाकट्या भावाची, विक्रमची, एकुलती मुलगी. नागपूरच्या विमानतळाजवळ, मिहानमध्ये एका कंपनीत नोकरीला. मुलगाही तिथलाच, विमानांच्या दुरुस्तीतला इंजिनिअर. नाव मोहित बोंद्रे, गाव खापा. वडील देवराव यांचं तिथे हार्डवेअरचं दुकान आणि थोडी संत्र्याची बाग. ऑफिसातल्या कोणीतरी स्थळ सुचवलं, असं चिन्मयीनं घरी सांगितलं. विक्रम जातपात मानत नव्हता. तो हे वारंवार सांगायचा. तो फक्त संस्कार, बोलणं-चालणं आणि घरातलं वातावरण मानायचा. आणि ते ठरवायला ताई होती.

“ताई हो म्हणाली तर माझी काही हरकत नाही,” तो मुलीला म्हणाला. “आणि ताईला नाही वाटलं, तर मग विषय संपला. नंतर रडारड नको.”

“बरं बाबा,” चिन्मयी म्हणाली. ती इतक्या पटकन ‘बरं’ कधी म्हणत नसे. पण विक्रमचं तिकडे लक्ष नव्हतं.

रविवारी खाप्याची मंडळी आली. देवरावांनी पांढरा सदरा घातला होता, देवकीबाईंनी संत्र्यांची पिशवी आणली होती. मोहित उंच, सावळा, डोळ्यांत हसू असलेला. पण तोंड घट्ट मिटलेलं. सुमतीबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची घेतली. शरच्चंद्र गॅलरीच्या दाराशी वारं येतं म्हणून तिथे बसले.

नीलानं, म्हणजे विक्रमच्या बायकोनं, कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली पुडाची वडी केली होती. नीलाच्या हातची पुडाची वडी समोर आल्यावर हात आवरलेला माणूस सुमतीबाईंनी आजवर पाहिला नव्हता. मोहितनं आवरला. बशीकडे एकदा पाहिलं, नजर बाजूला घेतली. त्या नजरेत त्याग होता, हे बाईंनी टिपलं.

“वडी खाय न गा,” देवकीबाई म्हणाल्या. “काहून खाऊन नाही राहिला? तब्येत बराबर नाही काय?”

मोहितनं मान हलवली.

“घरी तं मले जेवताना उसंत देत नाही इतका बोलते,” देवकीबाई नीलाला म्हणाल्या. “आज काय झालं याले, काय मालूम.”

“राहू दे वं,” देवराव तिसरी वडी उचलत म्हणाले. “मोठ्या घरी आला, दबून राहिला थोडा. तू कायले मांगं लागते त्याच्या?”

‘मले’, ‘याले’ ऐकताना सुमतीबाईंचे डोळे क्षणभर मिटले. पण मुलाच्या आईचाच मुलगा कळलेला नाही, हे त्यांना फार बोलकं वाटलं. फ्रेंच माणसाकडे अशा आया पुष्कळ होत्या.

विक्रमनं कामाबद्दल विचारलं. मोहित थांबला. हनुवटी किंचित वर उचलली, जणू शब्द कुठून तरी उंचावरून येणार होते, आणि अगदी कमी ओठ हलवत म्हणाला, “इंजिन.” पुन्हा ओठ मिटले. सुमतीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. इतकी वर्षं त्या ज्या थांबण्याबद्दल शिकवत आल्या होत्या, ते हेच.

त्यांनी स्वतः एक प्रश्न विचारला. असा त्या सहसा विचारत नसत. “आयुष्यात तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?”

मोहितनं वर पंख्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चिन्मयीकडे पाहिलं. मग खाली मान घालून हळूच नकारार्थी हलवली, प्रश्न उत्तरापेक्षा मोठा आहे अशी. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळल्याचं बाईंना स्पष्ट दिसलं. मग तो उठला, हातानंच ‘एक मिनिट’ म्हणाला आणि एकटा गॅलरीत गेला. गज धरून, पाठमोरा, क्रोटनच्या कुंडीवर झुकून उभा राहिला. परत आला तेव्हा चेहरा मोकळा झाला होता.

मंडळी गेल्या गेल्या नीला पाण्याचा मग घेऊन गॅलरीत गेली. भर दुपारी झाडांना पाणी. नीलासुद्धा हललेली दिसतेय, असं सुमतीबाईंनी मनात नोंदवलं.

आठवडाभर मोहित मुरत होता. मंगळवारी सुमतीबाईंनी कपाटातून प्रबंध काढून त्यातलं मौनावरचं प्रकरण पुन्हा वाचलं. बुधवारी संध्याकाळी मेथी निवडताना त्या शरच्चंद्रांना म्हणाल्या, “मी पुष्कळ मुलं पाहिली. पण असा मुलगा या शहरात असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक शब्दाआधी तो थांबत होता. शब्द त्याला पुरत नव्हते, लक्षात आलं तुमच्या?”

शरच्चंद्र पेपर वाचत होते. या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं हे त्यांना ठाऊक होतं. पण बाई आनंदात होत्या, आणि आनंदात माणूस नको ते करतो. त्यांनी पुन्हा विचारलं, “सांगा ना. तुम्हाला काय वाटलं तो मुलगा बघून?”

“मला?” शरच्चंद्रांनी पेपर खाली केला. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. “खर्रा होता त्याच्या तोंडात.”

मेथीची काडी बाईंच्या हातात तशीच राहिली. “काय होता?”

“खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत घोटून देतात तो. हनुवटी वर करून बोलत होता ना? रस सांडू नये म्हणून. आमच्या ऑफिसात अर्धा स्टाफ असाच बोलायचा. साहेबांसमोर तर सगळे वर पंख्याकडेच बघत.”

“आणि डोळ्यांतलं पाणी?”

“गिळला असेल थोडा. सवय सुटली असली की ठसका लागतो.”

“आणि गॅलरीत...”

“मी दाराशीच होतो,” शरच्चंद्र म्हणाले. “क्रोटनच्या कुंडीत.”

सुमतीबाईंनी निवडलेली पानं देठांच्या ढिगात टाकली. नागपुरात जन्म काढलेल्या बाईला तोंडात खर्रा धरलेला माणूस ओळखू येऊ नये! रिक्षावाला, बँकेतला शिपाई, शेजारचे दत्तोपंत, सगळे ओळखू येत होते. पण ते सोफ्यावर बसलेले नव्हते. आणि त्यांच्याकडे त्या काही शोधायला गेल्या नव्हत्या.

“रविवारीच का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस.”

मग बाईंच्या मनात एक जुनी, झाकून ठेवलेली गोष्ट हलली. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “अहो, तुम्ही मला बघायला आला होतात तेव्हा... तुम्हीही गप्प होतात. तेव्हा काय विचार करत होतात?”

शरच्चंद्रांनी आठवायचा प्रयत्न केला. “पँटचा,” ते म्हणाले. “शिंप्यानं घट्ट शिवली होती. बसलो तेव्हा मागून टर्र आवाज आला. म्हणून मी हललो नाही. बोललो की माणूस हलतो.”

“खर्रा नव्हता ना?”

“छे! मला कधीच सोसला नाही.”

त्या रात्रीच्या मेथीत मीठ जास्त पडलं. शरच्चंद्रांनी काही न बोलता खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चिन्मयीला ऑफिसातून थेट घरी बोलावलं. ती हेल्मेट काखेत धरून आत आली आणि आत्याचा चेहरा बघून दारातच थांबली.

“तुझा मोहित खर्रा खातो.”

चिन्मयीनं हेल्मेट टीपॉयवर ठेवलं. “खायचा. दिवाळीत सोडला. त्या दिवशी मी दिला.”

“तू?”

“मीच घेऊन आले. पानठेल्यावर उभी राहून घोटून घेतला. तो भय्या माझ्याकडे असा बघत होता!” ती हसायला गेली आणि थांबली. “आत्या, तो गप्प बसूच शकत नाही गं. मिहानच्या बसमध्ये मी पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला, चेहरा नंतर दिसला. मी म्हटलं, आत्यासमोर अर्धा तास गप्प बस. तो म्हणाला, ‘मले नाही जमणार, तू तोंडाले टाके घाल.’ मग हे एकच सुचलं.”

“म्हणजे तुम्ही आधीपासून...”

“दोन वर्षं.”

“आणि स्थळ सुचवणारं ऑफिसातलं कोणी?”

“मीच. मीही ऑफिसातलीच आहे ना.”

सुमतीबाई खुर्चीत बसल्या. “मला सरळ सांगता आलं नसतं का?”

“सांगून काय झालं असतं? तो बोलला असता. पहिल्या पाच मिनिटांत वडीची तारीफ, बाबांच्या गाडीचा आवाज कुठून येतो ते, गॅलरीचा गज कसा बसवायला हवा होता ते. आणि तू घरी येऊन म्हणाली असतीस, वरवरचा आहे. गोपिकाताईच्या त्या हसऱ्या मुलासारखा. आणि बोलला की मले-तुले येतंच.”

“मी कोणाच्या भाषेला कधी नावं ठेवली?”

“तू नावं नाही ठेवत. तू डोळे मिटतेस.”

“काहीतरीच.”

“मिटतेस, आत्या. मी लहानपणापासून बघतेय. कोणी ‘मले’ म्हटलं की तुझे डोळे मिटतात, अगदी थोडा वेळ. मग बाबा तुझ्याकडे बघतात. आणि मग त्या माणसाचा विषय आमच्या घरात निघत नाही. तूच सांगायचीस ना, की माणसाकडे बघ, तो काय बोलतो ते सोडून दे? मी तेच केलं. फक्त तुझ्याकडे बघून केलं.”

सुमतीबाईंना राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या खाली काहीतरी वेगळं होतं आणि त्यांना ते ओळखू आलं. तीस वर्षं वर्गात उभं राहून त्यांनी मुलींना समजावलं होतं, की दिवाणखान्यातल्या ज्या माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय, त्यालाच सगळ्यात शेवटी कळतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. मुली पाठ करून उत्तर लिहायच्या. त्यांतली एकही चिन्मयीएवढ्या पूर्ण मार्कांना पोचली नव्हती.

“आणि मी नाही म्हटलं तर?” त्यांनी विचारलं.

चिन्मयीनं हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “कोर्टात जाऊन करता येतं. मोहित म्हणतो, करू. पण बाबा मग आयुष्यभर जात न मानता माझ्याशी बोलणार नाहीत. आई चोरून फोन करत बसेल. मला तसं नकोय, आत्या. मला माझ्या घरात, आईच्या वड्या वाढून लग्न करायचंय. म्हणून तर हा सगळा तमाशा.”

ती गेली. जिन्यात तिचा फोन वाजला आणि पलीकडून कोणीतरी न थांबता बोलत असल्याचं वरपर्यंत ऐकू येत होतं.

रविवारी सकाळी सुमतीबाई आणि शरच्चंद्र विक्रमकडे गेले. नीलानं पुन्हा पुडाची वडी केली होती. विक्रम दाढी करून, टीव्ही बंद करून बसला होता, निकाल ऐकायला बसावं तसा. चिन्मयी चहा ओतत होती. ती कोणाकडे बघत नव्हती आणि कप भरून चहा बशीत उतरला तरी तिचा हात थांबला नाही. नीलानं हळूच भांडं तिच्या हातातून काढून घेतलं.

“बोल ताई,” विक्रम म्हणाला. “मला तर मुलगा गंभीर वाटला. घरचं बोलणं जरा तसं आहे, पण मुलगा अगदी वेगळा. तू खूशच असशील. असा खोल मुलगा...”

सुमतीबाईंना फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एवढ्यानं सगळं झालं असतं. कीर्तीही राहिली असती. पण मग त्या मुलाला जन्मभर सासऱ्यासमोर खर्रा तोंडात धरून बसावं लागलं असतं.

“मुलगा अजिबात खोल नाही,” त्या म्हणाल्या.

नीलाच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. चिन्मयीनं पहिल्यांदा वर पाहिलं. विक्रमनं मान डोलवायला सुरुवात केली, विषय संपवताना डोलवायचा तशी. “मग राहू दे. मी त्यांना कळवतो की...”

“माझं बोलून झालेलं नाही. मनात आलं की तोंडावर येणारा मुलगा आहे. भयंकर बोलका. वडी आवडली तर चार वेळा सांगेल. असाच मुलगा बघ हिला.”

“बोलका? ताई, तो तोंड उघडत नव्हता!”

“त्या दिवशी त्याला त्रास होत होता. फोन लाव त्याला. आत्ता. स्पीकरवर.”

विक्रमनं फोन लावला. ताईनं सांगितल्यावर तो नेहमीच लावायचा. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

“हॅलो! काका? नमस्कार काका! मी तं सकाळपासून फोन हातात घेऊनच बसून राहिलो. आई म्हणे, नाश्ता तं कर गा, मी म्हटलं, मले नाही जात घास. काका, काकूले सांगा, मागच्या टायमाले वडी राहून गेली, मले आठवडाभर झोप नाही आली त्या वडीपायी. अन् तुमच्या गॅलरीचा गज हालते, टेकू नका कोणी त्याले, मी येऊन बसवून देतो. अन् काका... त्या क्रोटनचं सॉरी.”

“क्रोटनचं काय?” विक्रम म्हणाला.

“काही नाही,” नीला आतून म्हणाली.

विक्रमच्या भुवया वर गेल्या होत्या. त्यानं फोनकडे पाहिलं नाही, मुलीकडेही नाही. त्यानं सवयीनं ताईकडे पाहिलं. सुमतीबाईंना आता आपल्या पापण्या जाणवत होत्या. फोनमधून ‘मले’ येत होतं, ‘त्याले’ येत होतं, ‘काहून’ येत होतं. चिन्मयी ओट्याला टेकून आत्याच्या डोळ्यांकडे बघत होती. सुमतीबाईंनी डोळे उघडे ठेवले. सोपं गेलं नाही. पाणी आलं, जळजळ झाली. पण ठेवले.

विक्रमच्या भुवया हळूहळू खाली आल्या. “ये बाबा,” तो फोनमध्ये म्हणाला. “गज बसवायला ये. आई-वडिलांनाही आण.”

फोन ठेवल्यावर तो बहिणीकडे वळला. “ताई, तुझी कमाल आहे. तोंड न उघडणारा मुलगा बघून तो बोलका आहे हे तू ओळखलंस! तुझ्या त्या फ्रेंच माणसालासुद्धा जमलं नसतं.”

सुमतीबाईंनी शरच्चंद्रांकडे पाहिलं. ते गॅलरीच्या दाराशी बसून वडी खात होते. संध्याकाळपर्यंत ही बातमी कॉलनीत पोचेल आणि पुढचे कित्येक रविवार आपल्याला मोकळे मिळणार नाहीत, हे त्यांना दिसत होतं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “काय विचार करताय?”

“काही नाही,” शरच्चंद्र म्हणाले, आणि बाईंनी त्यांच्या बशीत आणखी एक वडी वाढली.